एक ते नव्याण्णव

माईक कपाटात आहे. कपाटासमोर नव्हे, कपाटातच, शालूंच्या आणि गोधड्यांच्या मधोमध. मीरा रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये आवाज घुमत नाही अशी ही एकच जागा. लॅपटॉप मात्र बाहेर स्टुलावर. त्याच्या पंख्याची घरघरसुद्धा माईक सोडत नाही.

*

काम एका पतपेढीचं. फोन लावला की माझा आवाज म्हणणार, ‘आपल्या खात्यात’. मग आकडा. मग ‘रुपये शिल्लक आहेत’. दोन्ही टोकं पाच मिनिटांत झाली. मधल्या आकड्यांवर तीन रात्री गेल्या.

इंग्रजीत नव्याण्णवपर्यंत मोजायला सत्तावीस तुकडे पुरतात: एक ते वीस, आणि पुढचे सात दशक. ट्वेंटी घ्या, सेव्हन चिकटवा, झालं. मराठीत ‘सत्तावीस’ कशालाच चिकटवून होत नाही. ‘सत्ता’ वेगळा रेकॉर्ड करून पुढे ‘वीस’ लावायचा म्हटलं, तर सदतीसला तो चालत नाही, सत्तेचाळीसला वेगळाच बसतो. म्हणून एकेक आकडा स्वतंत्र. नव्याण्णव फायली.

त्याही दुप्पट. ‘पंचवीस हजार’मधला पंचवीस पुढे बघत असतो, आवाज खाली ठेवत नाही. ‘टोकन क्रमांक पंचवीस’मधला बसून घेतो. एकाच्या जागी दुसरा वाजला की ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. लोकलमध्ये ‘पुढील स्टेशन’ आणि ‘मीरा रोड’ यांच्या मधली शिवण मला हल्ली रोज ऐकू येते. धंद्याची खोड.

*

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आणलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विधानसभेतही थट्टा झाली. गणितज्ञ मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलं अडखळतात. तेव्हा मीही हसले होते. आता ‘त्रेसष्ट’चा सातवा टेक घेताना वाटतं, बाई बरोबर होत्या. वीस सात म्हटलं असतं तर माझंही सत्तावीस फायलींत भागलं असतं. (सासूबाईंना हे बोलून दाखवलेलं नाही. त्या एकोणतीसचा पाढा म्हणतात.)

*

शंभराची गंमत वेगळी. एकटा असतो तेव्हा ‘शंभर’, पुढे कुणी आलं की ‘एकशे’. यादी करणाऱ्याने ‘एकशे’ ठेवलाच नव्हता. तसंच गेलं असतं तर फोनने लोकांना ‘शंभर पंचवीस रुपये’ सांगितले असते.

*

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलं, २००० मध्ये लोकांच्या हाती आलं, तेव्हापासून फुकट. मोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असतं. कपाटाला हे पुष्कळ.

माझी पद्धत अशी. रेकॉर्डिंग एकदा सुरू केलं की थांबवायचं नाही. आकडा, दोन सेकंद गप्प, पुढचा आकडा. चुकलं तर टाळी वाजवायची. टाळीचा उंच सुळका पडद्यावर लांबूनही दिसतो, मागून तेवढं कापायचं. मग प्रत्येक तुकड्याला लेबल. ही लेबलं साध्या मजकुराच्या फायलीतून आयतीही आत घेता येतात. शेवटी ‘एक्स्पोर्ट’ म्हटलं की लेबलागणिक एक फाईल, नावासकट.

आणि इथेच माती खाल्ली. ‘त्रेचाळीस’ दोनदा बोलले होते आणि टाळी वाजवायची राहिली होती. दुसऱ्या त्रेचाळीसवर ‘चव्वेचाळीस’चं लेबल बसलं, आणि तिथून पुढे सगळी रांग एका घराने सरकली. पन्नासच्या फाईलमध्ये एकोणपन्नास. फायली पाठवण्याआधी सहज म्हणून शेवटची उघडली, तर नव्याण्णवच्या नावाने अठ्ठ्याण्णव बोलत होता. पतपेढीच्या प्रत्येक खातेदाराचा एक रुपया मी खाल्ला असता.

*

आवाज साफ करायचं बटण आहे. खोलीच्या नुसत्या शांततेचा तुकडा त्याला दाखवायचा, मग ते तेवढी खरखर सगळीकडून उपसून काढतं. म्हणून सुरुवातीला तीस सेकंद गप्प बसायचं. हाव सुटली की मात्र माणूस पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा थोडी खरखर बरी.

ते बटण पंख्याच्या एकसुरी आवाजाला उपयोगी. पारव्याला नाही, टँकरच्या पंपाला नाही, मालगाडीच्या भोंग्याला तर नाहीच. मेट्रो ९ चे खांब उभे राहत होते तेव्हा दिवसा काम घेणंच सोडलं होतं. आता शेवटची लोकल गेल्यावर बसते.

*

महाप्राण अक्षरं माईकवर फुंकर मारतात. फ, भ, थोडा ख. आकड्यांखेरीज पतपेढीच्या शाखांची नावंही बोलायची होती: ‘भाईंदर पूर्व’ आणि ‘भाईंदर पश्चिम’. भ सुटला की धप्प. तोंड जरा तिरकं केलं की हवा बाजूने जाते. माईकपुढे कड्यावर ताणलेला जुना पायमोजाही चालतो.

*

यंत्राकडून वाचून घेऊ, असं पतपेढीचं आधी चाललं होतं. नमुना ऐकवला. यंत्राने ‘चारा’ वाचताना ‘चार’मधला च घेतला. लिहिताना दोन्ही च सारखेच, त्याला तरी कसं कळावं? कर्जाच्या योजनांत गुरांचा चारा होता म्हणून काम माझ्याकडे आलं.

*

तिसरी रात्र. सासूबाईंना झोप नव्हती. स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठल्या, माझं ‘अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर’ कानावर पडलं. मी पुढे ‘एकाहत्तर, बहात्तर’ म्हणून श्वास घ्यायला थांबले, तर दाराबाहेरून आवाज आला, “त्र्याहत्तर गं.”

टाळी वाजवली.