बहुधा राणीच!

अहो, थांबा! ऐका! मी अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलेय, बोटं मनुकांसारखी सुरकुतलीत, पण उठवतच नाही! मोबाइलवर काय वाचलं म्हणून सांगू! हाड! राणीच्या हाताचं हाड! तेही आपल्या गोव्यात!

(मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. शाळेत मी काढलेली पेशी बाईंना बटाटा वाटली होती.)

जॉर्जियाची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने तिला कैदेत ठेवलं, १६२४ साली शिराझला हालहाल करून मारलं. आणि मग ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष उकरून काढले, आणि मग उजव्या हाताचं हाड जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठात आणलं, आणि मग मठच ओस पडला, ढासळला, आणि मग पुरातत्त्व खात्याने जुने कागद धुंडाळून तिथे खणलं, तर हाडं किती? तीन! आता राणी कुठली?

हाडं गेली हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत. पेशीत एक डीएनए असा असतो म्हणे, जो फक्त आईकडून येतो! आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो प्रती, म्हणून चारशे वर्षं गोव्याच्या दमट हवेतही हाती लागला! आमचे पापड एक पावसाळा टिकत नाहीत हो!

दोन हाडं निघाली आपल्याकडच्या वंशगटाची. तिसरं बाईचं, आणि गट यू१बी! भारतीय उपखंडातल्या सुमारे २२,००० जणांत एकाचाही नाही! ३० जॉर्जियन तपासले, दोघांचा निघाला! मी कुंडात पडणारच होते!

आणि मग शोधनिबंधाचं शीर्षक नीट वाचलं. त्यातच लिहिलंय: 'बहुधा'! हिरमुसलेच. बहुधा?! मग डोक्यात शिरलं, राणीच्या सख्ख्या बहिणीचं हाड असतं तरी निकाल हाच आला असता! डीएनए नाव सांगतच नाही! नाव सांगितलं जुन्या कागदांनी. डीएनए एवढंच म्हणाला, ती दोन नव्हेत, हिला माझी हरकत नाही. कसला प्रामाणिक! मी असते तर पेढे वाटून मोकळी झाले असते.

२०२१ साली त्या अवशेषाचा भाग तिबिलिसीला पोचला. माहेरी!

लगेच फोन लावला. "आई, तुझ्या आईच्या आईच्या आईचं माहेर कुठलं गं?"

"तू अजून त्या गरम पाण्यातच बसलीयेस का?"