ट्रान्सफॉर्मर आधी कोणाचा होता?

या वीकांताला कोडिंग नाही, तांबं आणि लोखंड. ज्यांना इथले फक्त संगणकाचे लेख आवडतात त्यांनी आज सुट्टी घेतली तरी चालेल. पण थांबलात तर तुमच्याही कामाचं काहीतरी निघेल.

विषय आहे घरी बांधलेल्या लिनिअर ॲम्प्लिफायरचा पॉवर ट्रान्सफॉर्मर. हॅम मंडळींना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: हौशी रेडिओचा परवाना काढून जगभर गप्पा मारणारे जे लोक असतात, त्यांच्या नेहमीच्या रेडिओतून साधारण १०० वॅट बाहेर पडतात. त्याच्यापुढे जायचं तर रेडिओ आणि अँटेना यांच्यामध्ये ॲम्प्लिफायर लावायचा. किती वॅटपर्यंत जायचं ते तुमच्या परवान्यात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तयार ॲम्प्लिफायर महाग, म्हणून घरी बांधायचा मोह होतो. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर म्हटला की हजार-दोन हजार व्होल्ट डीसी आलेच. व्हॉल्व्ह शोधले की मिळतात, सॉकेट मिळतात, कॉइल आपण स्वतः गुंडाळतो. गाडी अडते ती ट्रान्सफॉर्मरपाशी.

मागच्या महिन्यात एका नव्या व्हीयू३ मित्राचा मेसेज आला. त्याला भंगारवाल्याकडे मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर किलोच्या भावात मिळाला होता. "दादा, दोन हजार व्होल्ट, तेही जवळपास फुकटात! लावू का?" मी त्याला लगेच "नको" कळवलं. पण नुसत्या 'नको'ने कोणाचं समाधान होतं? म्हणून हे सविस्तर उत्तर.

मुद्दा एकच आहे. जुना ट्रान्सफॉर्मर म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड. ज्याने तो बनवला त्याने काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या, आणि त्या पट्टीवर लिहिलेल्या नसतात. पट्टीवर असतात व्होल्ट आणि व्हीए. किती वेळ चालणार, कुठलं टोक जमिनीला जोडलेलं असणार, पुढे कसला रेक्टिफायर येणार, पंखा असणार की नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. आपण तो उचलून दुसऱ्या कामाला लावतो तेव्हा ती गृहीतकं आधी वाचावी लागतात. कोडमध्ये चुकलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. १५०० व्होल्टला ती सोय नाही.

ओव्हनपासूनच सुरुवात करू. ओव्हनवाल्याला स्वस्त आणि हलका ट्रान्सफॉर्मर हवा असतो. म्हणून तो लोखंडात आणि तांब्यात कंजुषी करतो. कोअर बिनलोडचाच सॅच्युरेशनच्या काठावर असतो, आणि नुसता मेन्सला लावला तरी दीड-दोन अँपिअर सहज ओढतो, गुरगुरतो आणि तापतो. ओव्हनमध्ये त्याचं काही बिघडत नाही, कारण अन्न गरम व्हायला काही मिनिटं लागतात आणि वर पंख्याचा वारा असतो. आपण मात्र रविवारी सकाळी चार-चार तास सेट चालू ठेवून बसतो.

पण खरी अडचण तापण्याची नाही. मॅग्नेट्रॉनचा ॲनोड ओव्हनच्या पत्र्यालाच जोडलेला असतो. त्यामुळे हाय व्होल्टेज वाइंडिंगचं एक टोक थेट कोअरला जोडून टाकलेलं असतं. त्या टोकाला कायम शून्य व्होल्ट, मग तिथे इन्सुलेशनवर खर्च कशाला? आपल्याला लावायचा असतो ब्रिज रेक्टिफायर, आणि ब्रिजमध्ये वाइंडिंगची दोन्ही टोकं आळीपाळीने पूर्ण डीसी व्होल्टेजपर्यंत वर चढतात. म्हणजे ते टोक कोअरपासून सोडवलंत तरी ज्या कागदाच्या भरवशावर ते बसलंय तो कागद या कामासाठी घातलेलाच नव्हता. टोक तसंच ठेवून अर्धी लाट घेतलीत तर कोअरमधून डीसी वाहतो, आणि जो आधीच काठावर आहे तो पार पडतो. दोन ओव्हनचे दोन जोडून सेंटर टॅप केला तरी प्रत्येकाच्या वाट्याला अर्धीच लाट येते. दुखणं तेच, फक्त दुप्पट वजनाचं.

मधल्या चुंबकी पट्ट्या ठोकून काढून, त्या जागेत प्रायमरीचे जास्तीचे वेढे घालून हा ट्रान्सफॉर्मर सुधारणारे लोक आहेत. वीस टक्के वेढे वाढवले की फ्लक्स १७ टक्क्यांनी उतरतो, बिनलोडचा करंट एकदम शहाणा होतो. हे खरं आहे. पण जमिनीला जोडलेल्या टोकाचं गृहीतक तिथेच राहतं. कोअर वेल्ड केलेला असल्यामुळे उलगडून नीट बांधायचीही सोय नसते. म्हणून 'नको'.

दुसरं गृहीतक फ्रिक्वेन्सीचं. अमेरिकेतल्या जुन्या सेटमधला एखादा भारी ट्रान्सफॉर्मर ओळखीच्या कोणाच्या बॅगेतून येतो. पट्टीवर २४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे उलट बरंच की! पण फ्लक्स ठरतो व्होल्टला हर्ट्झने भागून. आपले ५० हर्ट्झ धरले तर तो मूळ हिशेबाच्या सुमारे १५ टक्के वर जातो. ज्याने लोखंड सढळ हाताने घातलं असेल त्याचा चालेल. ज्याने मोजून घातलं असेल त्याचा बिनलोडचाच तापेल.

तिसरं गृहीतक वेळेचं, आणि इथे सॉफ्टवेअरवाल्यांना घरच्यासारखं वाटेल. सर्व्हर पीक लोडला घ्यायचा की सरासरीला? समजा ८११ए या व्हॉल्व्हची जोडी आहे. तिला साधारण १४०० व्होल्टला ३५० मिलिअँपिअर लागतात. कपॅसिटर इनपुट फिल्टर असेल तर सेकंडरीतून वाहणारा आरएमएस करंट डीसीच्या सुमारे पावणेदोन पट, म्हणजे ०.६ अँपिअर. ११०० व्होल्टच्या सेकंडरीला हे झाले ६६० व्हीए. पण हे की दाबून धरली तर. माणूस बोलताना इतका सलग बोलत नाही. एसएसबीवर साध्या बोलण्यात सरासरी करंट निम्म्याच्या आसपास, आणि त्यातही अर्धा वेळ आपण ऐकत असतो. (निदान ऐकावं अशी अपेक्षा असते :) ) तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. सेकंडरीचा रेझिस्टन्स ५० ओहम धरला तर ०.६ अँपिअरला १८ वॅट आणि ०.३ अँपिअरला फक्त साडेचार. आठ-दहा किलोचा गोळा तापायला तास-दीड तास घेतो, तेवढ्यात सगळं सरासरीत जमून जातं. म्हणून एसएसबीपुरता साडेतीनशे-चारशे व्हीएचा ट्रान्सफॉर्मर नीट चालतो.

मात्र २०१७ मध्ये एफटी८ आलं आणि हा हिशेब बिघडला. त्यात संगणक दर पंधरा सेकंदांच्या खिडकीत १२.६४ सेकंद सलग पूर्ण ताकदीने पाठवतो आणि पुढच्या खिडकीत ऐकतो. वरच्याच आकड्यांनी पूर्ण पॉवरला सरासरी उष्णता गप्पांच्या तिपटीहून जास्त होते. जुन्या पुस्तकातला 'निम्मा ट्रान्सफॉर्मर पुरतो' हा नियम गप्पा मारणाऱ्यांसाठी होता. एफटी८ करणार असाल तर एकतर पॉवर निम्मी करा नाहीतर लोखंड वाढवा.

मग घ्यायचा कुठला? आपल्याकडे दोन चांगली स्थळं आहेत.

पहिलं, कारखान्याच्या पॅनेलमधला कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. भोसरीच्या बाजूला भंगारात तो दिसतो, कधी जुन्या बाजारातही. ४१५ ते २३० व्होल्टचा असेल तर उलटा लावायचा: २३०च्या बाजूला मेन्स दिली की ४१५च्या बाजूने रेक्टिफाय होऊन सुमारे ५८० व्होल्ट डीसी. ८०७ व्हॉल्व्हला हे मापाचं जेवण आहे. तसेच दोन घेऊन प्रत्येकाचा वेगळा ब्रिज केला आणि डीसी सिरीजमध्ये लावले तर साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे ८११ए थोड्या कमी पॉवरला खूश. एक गोष्ट लक्षात ठेवायची. बनवणाऱ्याने लोडला पडणारे व्होल्ट भरून काढायला सेकंडरीला थोडे वेढे जास्त दिलेले असतात. उलटा लावला की तेच आपल्या विरुद्ध जातात आणि हिशेबापेक्षा चार-पाच टक्के कमी मिळतात. पण हा ट्रान्सफॉर्मर पॅनेलमध्ये दिवसरात्र चालण्यासाठी बनवलेला असतो, आणि त्या गृहीतकाला तोड नाही.

दुसरं, जुना इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या वर्षांत महाराष्ट्रात घरोघरी इन्व्हर्टर आले, त्यातले कितीतरी सर्किट उडून भंगारात गेले. ट्रान्सफॉर्मर मात्र ठणठणीत असतो. ५० हर्ट्झचा, उलगडता येणारं स्टॅम्पिंग, आणि २३०चं वाइंडिंग तयार. बॅटरीच्या बाजूची जाड तार काढून तिथे बारीक तारेचं हाय व्होल्टेज वाइंडिंग करायचं. जाड तार वरच्या बाजूला असेल तर नशीब, आत असेल तर सगळंच उलगडावं लागतं. स्टॅबिलायझरच्या ट्रान्सफॉर्मरशी याची गल्लत करू नका. तो ऑटो ट्रान्सफॉर्मर असतो, मेन्सपासून वेगळेपण शून्य. त्याचा फक्त कोअर घ्यावा.

वेढे किती याला पुस्तक लागत नाही. आहे त्या वाइंडिंगवर साध्या इन्सुलेटेड वायरचे दहा वेढे गुंडाळायचे, २३०ची बाजू शंभर वॅटच्या बल्बमधून मेन्सला लावायची आणि त्या दहा वेढ्यांवर व्होल्ट मोजायचे. बल्ब जेमतेम लाल झाला तर ट्रान्सफॉर्मर बरा आहे. भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. बल्ब थोडे व्होल्ट खातो, म्हणून प्रायमरीवरचे व्होल्टही मोजून २३०च्या प्रमाणात हिशेब करायचा. समजा दहा वेढ्यांना ७.५ व्होल्ट निघाले. म्हणजे व्होल्टला १.३३ वेढे. ११०० व्होल्टला १४६७, लोडसाठी पाच टक्के जास्त धरून १५४०. पडताळा घ्यायचा तर मधल्या पायाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजून ३७.५ला त्याने भागा. २८ चौरस सेंटिमीटरला १.३४ येतं. हा हिशेब १.२ टेस्ला फ्लक्सचा, साध्या स्टॅम्पिंगला मानवणारा. ११०० व्होल्टचे बिनलोडचे डीसी होतात १५५५, लोडला १४००च्या जवळ. फिलॅमेंटचा ट्रान्सफॉर्मर वेगळाच ठेवायचा, या जोडीला ६.३ व्होल्ट, ८ अँपिअर.

पंधराशे वेढे घरी घालता येतात, पण मी ते पेठेतल्या एका वाइंडिंगवाल्या काकांकडे देतो. आयुष्यभर मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर भरलेला माणूस. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी व्होल्ट, अँपिअर, गेज असं सगळं कागदावर टाइप करून नेलं होतं. काकांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "साहेब, सलग किती वेळ चालणार? आणि पुढे ब्रिज का दोन डायोड?" मी म्हटलं, "ब्रिज." "मग दोन्ही टोकांना लेदरॉइड सारखाच घालतो. लोक एकाच टोकाला सांगतात." रिक्वायरमेंटच्या मीटिंगमध्ये मी इतके नेमके दोन प्रश्न फार कमी वेळा ऐकलेत. गेज २६ नंबर ठरला, प्रत्येक थरात कागद, शेवटी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवायचा. घेताना कामाच्या व्होल्टेजच्या दुप्पट अधिक हजार, म्हणजे ३२०० व्होल्टला कोअरशी टेस्ट करून घ्यायचा. ज्याच्याकडे टेस्टर नाही त्याच्याकडून हे काम करून घेऊ नये.

आता कोणी विचारेल, इतकं कशाला? ५० व्होल्टवर चालणारे एलडीएमओएस ट्रान्झिस्टर आणि तयार एसएमपीएस मिळतात की. मिळतात, आणि ज्याला फक्त वॅट हवेत त्याने तेच घ्यावं. व्हॉल्व्ह अँटेना चुकली तरी थोडा वेळ सहन करतो आणि त्याचं सगळं डोळ्यांना दिसतं, एवढंच त्याच्या बाजूने. १०० वॅटचे ३०० वॅट झाले म्हणजे ४.८ डीबी. समोरच्याच्या एस-मीटरवर ६ डीबीला एक घर. म्हणजे एवढा खटाटोप करून एक घरसुद्धा पूर्ण नाही. हा आकडा मी मुद्दाम बेंचसमोर लिहून ठेवलाय, कारण दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघा.

१०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे चार कपॅसिटर सिरीजमध्ये. १५०० व्होल्टला त्यांत २८ जूल साठतात, आणि मेन्सची पिन काढल्यावरही तिथेच असतात. प्रत्येकावर ४७ किलोओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर असेल तर साधारण २४ सेकंदांत ते एक टक्क्याच्या खाली उतरतात. पण तो रेझिस्टर तुटला असेल तर? म्हणून क्रम ठरलेला: पिन काढा, पूर्ण मिनिट थांबा, मीटरवर शून्य बघा, मग रेझिस्टर लावलेल्या लांब दांडीने डिस्चार्ज करा, आणि त्यानंतरच हात. तोही एकच, दुसरा खिशात. झाकण उघडलं की प्रायमरी तोडणारा स्विच लावा. आणि घरात कोणीच नसताना हाय व्होल्टेजचं काम काढू नका. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवून ठेवा. हे दहा मिनिटांचं काम बहुतेक जण टाळतात.

असो. लेख लांबला. भंगारात काही चमकदार दिसलं तर आधी हेच विचारा: हा आधी कोणाकडे होता, आणि तिथे त्याला किती वेळ काम करायला लागायचं? इतका जड गोळा चालू करताना एमसीबी का पडतो आणि त्यावर स्टेप-स्टार्ट कसा लावायचा, ते पुढच्या वीकांताला.