चांदीवरचे तांबडे

सतराव्या शतकात, बरोक कलाशैली ऐन भरात असताना, युरोपातील राजे आणि नगरे आपले विजय, विवाह आणि तह चांदीच्या पदकांवर उठवून घेत. नाण्यासारखे पदक बाजारात चालवायचे नसे, ते मानाने द्यायचे आणि जपायचे असे. पण पदकांवर येणाऱ्या कुलचिन्हांच्या, म्हणजे घराण्यांच्या व राज्यांच्या ढालींवरील वंशपरंपरागत चिन्हांच्या, शास्त्रात रंग ही शोभा नसून ओळख असते: पोलंडचा गरुड पांढरा आणि त्याची ढाल तांबडी, हे वगळले की उरतो तो कोणाचाही गरुड. एकरंगी धातूत तांबडे आणायचे कोठून? यावरची तोड म्हणून रूढ होत गेलेल्या रेषापद्धतीला सिल्व्हेस्त्रो पिएत्रासांता या जेझुइटाच्या १६३८ मधील ग्रंथाने स्थैर्य दिले. उभ्या रेघा तांबड्यासाठी, आडव्या निळ्यासाठी, ठिपके सोन्यासाठी आणि कोरी जागा चांदीसाठी; मात्र नखाएवढ्या ढालीत रेघा पुष्कळदा गाळल्याच जात आणि रंग पाहणाऱ्याने आठवणीतून भरायचा असे.

रंगापेक्षाही दावा टिकवणे या ढालींना अधिक साधले. पोलंडच्या वासा राजांच्या राजचिन्हात पोलंडचा गरुड आणि तलवार उगारलेला लिथुएनियाचा घोडेस्वार यांच्या जोडीला स्वीडनचे तीन मुकुट व सिंह असत आणि मधल्या छोट्या ढालीत वासा घराण्याची पेंढी. वास्तविक वासा राजा तिसरा सिगिस्मुंड याने स्वीडनचे राज्य १५९९ मध्येच गमावले होते. तरी त्याने आणि पुढे त्याच्यानंतर गादीवर आलेल्या दोन्ही मुलांनी ते मुकुट ढालीवरून उतरवले नाहीत. याला पोकळ दिमाख म्हणणे सोपे आहे, परंतु ज्या हक्कासाठी दोन्ही देश पुनःपुन्हा लढले, तो ढालीवरून पुसणे म्हणजे रणांगणाबाहेर हार पत्करणे ठरले असते.

डान्झिगजवळच्या ऑलिव्हा येथे १६६० मध्ये झालेल्या तहात धाकट्या मुलाने, जॉन कॅसिमिरने, तो हक्क अखेर सोडला आणि स्वीडनच्या राजाची पदवी तेवढी हयातीपुरती राखून घेतली. योहान ह्योन या डान्झिगच्या पदककाराने त्या तहाचेही पदक घडवले. जॉन कॅसिमिर १६६८ मध्ये पोलंडच्या गादीवरूनही पायउतार झाला. तेथील राजा निवडून येत असल्याने मधली छोटी ढाल पुढच्या राजाच्या घराण्याकडे गेली आणि पेंढीच्या जागी १६६९ पासून विश्निओविएत्स्की घराण्याचे चिन्ह आले.