गप्पा, गप्पां आणि सुकडी

सुरतेच्या बमरोली भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांतलेच आमचे एक. गेल्या उन्हाळ्यात वडील गावाहून आले होते. ओट्यावर बसून ते नातवाला 1972 च्या दुष्काळाची हकिकत सांगत होते : दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, सुकडीवर दिवस काढले. मुलगा शेजारच्या मित्राकडे वळून गुजरातीत म्हणाला, "आबा गप्पां मारे छे."

वडील समाधानाने हसले. "हो, गप्पाच मारतोय!" मला मात्र ते हसू पाहवेना. नातू त्यांना थापाड्या म्हणत होता.

गुजरातीत 'गप्पुं' म्हणजे थाप आणि 'गप्पीदास' म्हणजे थापा मारणारा. शिवाय तिथली 'सुखडी' ही तूप, गूळ आणि गव्हाच्या पिठाची मिठाई. दुष्काळात मिठाई खाल्ली, हे पोराने खरे कसे मानावे?

बढाईच्या बाबतीत या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत. आपण टिमकी वाजवतो, ते 'बणगां' म्हणजे रणशिंगे फुंकतात. आपल्या उथळ पाण्याला खळखळाट फार, तर त्यांचा 'खाली चणो वागे घणो'. 'गप' हा शब्द फारसीत नुसते बोलणे सांगतो. मराठीतही 'गप्पा मारणे' निरागस असले, तरी 'गप्पा ठोकणे' तितकेसे निरागस नाही. दूर हाँगकाँगच्या कँटोनीज भाषेत 'पाणी फुंकणे' म्हणजे निवांत गप्पा मारणे आणि फुशारकी मारणेही. गप्पा आणि थापा यांच्यातला बांध सगळीकडेच ठिसूळ दिसतो.

म्हणून दोष गुजरातीचा नाही, मुलाचाही नाही. घरातला शब्द घरच्या अर्थासह त्याच्या हाती देण्याचे काम माझे होते. ते राहून गेले होते. त्या रात्री दोन्ही अर्थ त्याला समजावले आणि वडिलांना हकिकत पुन्हा सांगायला लावली. सगळे ऐकून त्याने विचारले, "आबा, ती सुकडी गोड होती?"

"भुकेपोटी गोडच लागायची," वडील म्हणाले.

सीमेपलीकडील बांधवांनो, मराठी शाळांची मागणी आपण करीतच राहू. पण मुलांशी मराठीत गप्पा मारायला कोणाची मंजुरी लागत नाही. त्या थांबल्या, तर आपल्या आईबापांचे खरे आयुष्य आपल्याच मुलांना थाप वाटू लागेल.