तुराटीच्या भरवशावर

वाल आम्ही मृगात टोकतो आणि शेंगा खातो मार्गशीर्षात. मधला सगळा पावसाळा मी हिशेबात धरलाच नाही, आणि मांडवाच्या बाबतीत माझ्या बहुतेक चुका तिथूनच निघाल्या.

शिरड शहापूरला आमच्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर परसबाग आहे. जमीन काळी, भारी. पौष-माघात तूर निघाली की तुराट्यांचे भारे बांधावर पडलेले असतात, म्हणून पहिला आधार मी तुराट्यांचाच केला. आळ्याभोवती त्या रोवल्या, शेंडे एकत्र घेऊन सुतळीने बांधले. वेल भराभर चढला. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "तुराटीच्या भरवशावर वाल नको सोडू बाई. चवळी सोड." मला वाटलं, चवळी काय नि वाल काय, दोन्ही वेलच. त्यांना कारण विचारावं हेही मला सुचलं नाही.

कारण साधं होतं. चवळी दोनेक महिन्यांत शेंगा देते, तिचं काम भाद्रपदात उरकतं. आमचा गावरान वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाही. तोवर नुसता पाला वाढवत राहतो. म्हणजे वेलाचं वजन सगळ्यात जास्त होतं ते दिवाळीच्या सुमारास, आणि नेमकी तोवर तुराटी पावसात कुजून, बुडाला वाळवी लागून पोकळ झालेली असते. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'कोकण भूषण' वाल बुटका आहे, त्याला मांडव लागत नाही. पण आमच्या घरी चव गावरानाचीच हवी असते.) माझा आधार ऐन फुलावर बसला. एक तुराटी उपटून पाहिली. वरची काठी शाबूत होती, जमिनीतला वीतभर भाग मात्र चिमटीत धरताच भुगा झाला. मग पडलेला वेल ओढून पुन्हा उभा करायला गेले, ही त्याहून मोठी चूक. एकमेकांत पीळ पडलेले वेल ओढले की साल सोलते आणि फुलांचे तुरे आधी गळतात. आता तसं झालं तर मी वेलाला हात लावणार नाही. आहे तिथेच खालून टेकू देईन.

पुढच्या साली पऱ्हाटी घेतली. जाड आहे, टिकेल, एवढाच विचार केला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापसाचं काय केलं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. अळी पऱ्हाटीला राहिलेल्या किडक्या बोंडांत दडून बसते, म्हणून पऱ्हाटी रानात किंवा घराशेजारी रचू नका असं कृषी विभाग सांगत असतो. आणि मी ती उन्हाळाभर परसात रचून ठेवली होती, आमचं कापसाचं रान हाकेच्या अंतरावर असताना. त्या वर्षीच्या किडीत माझ्या ढिगाचा वाटा किती हे सांगता येणार नाही, पण ती टोचणी अजून जात नाही.

त्यानंतर लोखंडी पाईप. तो कुजत नाही हे खरं, पण मनगटाएवढा जाड आणि गुळगुळीत. दोडक्या-कारल्याला तणावे असतात, वालाला नसतात. वालाचा शेंडाच हवेत फिरत फिरत आधार शोधतो आणि त्याभोवती पीळ घालतो. त्याला बारीक आणि खरबरीत वस्तू लागते. वेल पाईपवरून घसरायला लागले तेव्हा मी ते रोज संध्याकाळी हाताने गुंडाळू लागले. सकाळी पाहावं तर सुटून लोंबत असायचे. हे का होतं ते कळायला मला फार वेळ लागला: मी उलट्या बाजूने गुंडाळत होते. वाल वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने चढतो, दुसऱ्या दिशेने तो राहतच नाही. चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढत्या वेलींवर मोठा निबंध लिहिला, त्यात घेवड्याचा शेंडा साधारण दोन तासांत एक फेरा पुरा करतो अशी नोंद आहे. मग मीही एका उन्हाच्या दिवशी लक्ष ठेवलं. स्वयंपाकाला बसले तेव्हा न्हाणीकडे वळलेला शेंडा भाकरी होईपर्यंत पार दुसऱ्या अंगाला, गोठ्याकडे गेलेला होता.

नायलॉनच्या जाळीबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. ती स्वस्त मिळाली आणि वेलही तिच्यावर छान चढले. मी तिचा खालचा काठ जमिनीवर लोळता ठेवला. एका सकाळी त्यात धामण अडकलेली सापडली. जितकी सुटायला बघावी तितका दोरा तिच्या खवल्यांत रुतत होता. पुतण्याने डोकं काठीने दाबून धरलं आणि मी कात्रीने एकेक दोरा कापला. ती गेली. पण त्याआधी जाळीच्या दुसऱ्या टोकाला एक मेलेली निघाली होती, आणि तेव्हाच जाळी काढायला हवी होती. उंदरांवर राहणारं जनावर आपल्या परसात आपण मारावं, हे मला पटत नाही. ज्यांनी जाळी लावली आहे त्यांनी निदान तिचा काठ गुडघाभर वर तरी बांधावा.

आता बाभळीच्या मेढी आहेत. साल काढून बुडाला डांबर लावलेल्या. त्या आधी मी पाऊस पडल्यावर रोवल्या होत्या, जमीन मऊ असते म्हणून. काळी जमीन पाण्याने फुगते, उघडीप पडली की आकसून भेगा पडतात, मेढी कलल्या. म्हणून हल्ली वैशाखातच दोन फूट खड्डा घेते, मुरूम आणि दगड ठोकून भरते, कोपऱ्यांना तारेचा ताण देते. वर वसमतहून आणलेली जाड तार, तिच्यापासून आळ्यापर्यंत सोडलेला काथ्या. उंची सासूबाईंचा हात पुरेल एवढीच, कारण आधीच्या उंच मांडवावरच्या शेंगा तोडायला कोणी चढेना आणि त्या तिथेच वाळून जात.

माघात वेल वाळला की काथ्यासकट कापून उकिरड्यावर टाकते. मुळं उपटत नाही. त्यांच्यावरच्या गाठींतला नत्र पुढच्या पिकाला होतो. मग प्रत्येक मेढीच्या बुडाशी माती उकरून विळ्याचं टोक टोचून बघते. यंदा गोठ्याकडची एक आत जातेय, ती पाडव्याच्या आत बदलायची आहे.