वैतरणेवरचे लोखंडी पाय

सोमवार, पालघर

भोर घाटातल्या रेल्वेची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. तो चढ, ते २५ बोगदे, रोगराईने आणि अपघातांनी दगावलेले हजारो मजूर. पालघरवरून गुजरातेत गेलेल्या रुळांची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. आडवा डोंगर नाही, म्हणजे काम सोपे असणार, असा समज. आज विरारहून डहाणू लोकल धरली. वैतरणेचे रुंद पात्र खिडकीत आले तेव्हा पटले, की इथला घाट पाण्याचा आहे.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या माणसांची बीबीसीआय, १८५५ साली स्थापन झाली. तिचे अभियंते कर्नल जॉन पिट केनेडी यांचा आग्रह होता, की घाट चढू नका, किनाऱ्याच्या सपाटीने गुजरातच्या कापसापर्यंत जा. चढ वाचला, पण समुद्राकडे धावणारी एकेक नदी वाटेत आली. वसईची खाडी, वैतरणा, दमणगंगा, पार, औरंगा, अंबिका, पूर्णा, तापी, नर्मदा. काम गुजरातेत सुरू झाले. फेब्रुवारी १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण गाडी धावली. मुंबईच्या ग्रँट रोडशी हा मार्ग जोडला जायला १८६४चा नोव्हेंबर उजाडला.

मंगळवार, सफाळे ते वैतरणा

ओहोटीला खाडीकाठी उभे राहिले की अडचण डोळ्यांना दिसते. पाय घातला की गुडघाभर गाळ. दगडी खांब उभा करायचा तर खालचा खडक किती खोल असेल? यावरचा उपाय बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल या अंध अभियंत्याने आधीच शोधला होता. लोखंडी खांबाच्या टोकाला रुंद पात्यांचा स्क्रू बसवायचा आणि खांब ठोकण्याऐवजी फिरवत गाळात उतरवायचा. बीबीसीआयने नदीमागून नदी याच खांबांवर ओलांडली. वर ६० फुटांचे एकसारखे गर्डर. एकच माप ठरल्याने सुटे भाग विलायतेत घडवून बोटीने आणता येत. सुएझचा कालवा खुला झाला १८६९ मध्ये. म्हणजे हे सारे लोखंड आफ्रिकेला वळसा घालून आले.

पाणी तरीही हटले नाही. नर्मदेच्या पुरांनी भरूचचा पूल पुन्हा पुन्हा मोडला, शेवटी १८८१ मध्ये नवा पूल झाला. वैतरणेवर आज दिसतात तेही नंतरचे पूल. ज्यांनी गाळात उभे राहून ते खांब फिरवले, त्या मजुरांचे नाव मला एकाही स्टेशनात दिसले नाही. याची मला खंत वाटते.

त्याहून मोठी खंत वाढीवची. वैतरणेच्या दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव आणि वैतीपाडा आहेत. स्टेशन गाठायचे तर होडी, नाहीतर रेल्वेच्या पुलावरून रुळांकडेने चालत जाणे. शाळेची मुले, आजारी माणसे, भाजीच्या पाट्या, सगळ्यांची वाट तीच. या पुलावर गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. मुंबई-अहमदाबाद जोडणारा पूल ज्यांच्या दारात आहे, त्यांनाच तो ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो.

बुधवार, बोईसर-तारापूर

केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगाव रोड. या ‘रोड’ नावांतच इतिहास आहे. जुनी गावे समुद्रावर, रूळ गेले आत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूरचा कोट घेताना बाजी भिवराव रेठरेकर पडले, इतके या किनाऱ्याचे मोल होते. रेल्वेने ते मोल स्टेशनांकडे वळवले. तालुक्याचे ठाणे माहीमहून पालघरला आले, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हाच झाला. अणुवीज केंद्र आणि एमआयडीसी नाव सांगतात तारापूरचे, पण कामगार उतरतो बोईसरला.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरच्या मार्गावरही बोईसर स्थानक आहे. शिवाय विरार-डहाणू चौपदरीकरण चालू आहे, त्यासाठी वैतरणेवर पुन्हा पूल बांधावे लागत आहेत. माझी मागणी एकच. या बांधकामासोबत वाढीवसाठी कठडा असलेली पायवाट झालीच पाहिजे. पालघर-बोईसरच्या प्रवासी संघटनांनी ही मागणी आपली मानून रेल्वेकडे लावून धरावी.