आधी गाडीखाली जा

डेट्रॉइट, ऑक्टोबरअखेर

प्रिय निनाद,


२००३ची टाहो घेतलीस आणि तिची कामं स्वतःच्या हाताने करायची ठरवलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. फोनवर तू यादी वाचलीस: स्पार्क प्लग, नॉक सेन्सर, ट्रान्समिशनचं ऑइल. कामं सगळी करण्याजोगी आहेत, पण क्रम उलटा आहे. तुझी यादी बॉनेटपासून सुरू होते आणि आपल्याकडच्या गाड्या संपतात त्या खालून.

त्या ५.३ लिटरच्या व्ही-८चा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे. ऑइल वेळेवर बदललं तर दोन लाख मैल ओलांडलेलं असं इंजिन इथे नवलाचं नाही. तरीही धडधाकट इंजिनाच्या गाड्या भंगारात जातात, कारण चेसिस आणि नळ्या मिठाने खाल्लेल्या असतात. या शहराच्या पोटात सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे. हिवाळ्यात तेच मीठ रस्त्यांवर पडतं. वेंगुर्ल्याच्या घराच्या खिडक्यांचे गज बाबा दर दिवाळीआधी खरवडून रंगवायचे, तरी खारा वारा ते पोखरायचाच. इथे तर खारं पाणी चाकाखालून थेट लोखंडावर उडतं. कडक थंडीत मिठासोबत वापरतात ते कॅल्शियम क्लोराइड हवेतलं बाष्प ओढून घेतं, म्हणून पत्रा वाळतच नाही. मीठ लागलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवलीस तर बाहेर गारठ्यात उभ्या असलेल्या गाडीपेक्षा ती लवकर गंजेल. आधी धुवायची, मग आत घ्यायची.

म्हणून पहिलं काम ब्रेक लाइनींचं. १९९९ ते २००३च्या याच जातीच्या ट्रक आणि एसयूव्हींच्या गंजलेल्या ब्रेक लाइनींची केंद्रीय रस्ता-सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि २०१५ साली ती बंद केली. गाड्या परत मागवल्या नाहीत. मालकांना सांगितलं की खालची बाजू धूत जा आणि लाइनी तपासा. म्हणजे आता हे बघणारं तुझ्याशिवाय कोणी नाही.

ड्रायव्हरच्या बाजूने चेसिसच्या कडेने पोलादी नळ्या मागे जातात, त्या टॉर्च घेऊन टोकापर्यंत बघ. उघड्यावरची नळी बरी दिसेल. खरा गंज प्लॅस्टिकच्या क्लिपांमागे असतो, कारण चिखल आणि मीठ तिथे अडकून बसतं. क्लिप काढ, बोटाने चोळ. नुसती तांबूस भुकटी आली तर अजून वेळ आहे. पापुद्रे सुटत असतील, फोड आले असतील किंवा ओल दिसली तर ती गाडी रस्त्यावर काढू नकोस. आणि तेवढाच तुकडा बदलून थांबू नकोस. एक जागा मजबूत केली की जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची कच्ची जागा फुटते. पूर्ण लाइन बदलायची, तीही तांबं-निकेलच्या मिश्रधातूची. ती हाताने वाकते आणि गंजत नाही. टोकाला ४५ अंशांचा डबल फ्लेअर हवा. दाबून बसवायचे जोड ब्रेकला अजिबात वापरायचे नाहीत. नटांना साधा पाना लावलास तर कोपरे झिजतील, फ्लेअर नटचाच पाना घे. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेव.

नव्या लाइनीतली हवा काढताना आधी मागचं उजवं चाक, मग मागचं डावं, पुढचं उजवं आणि शेवटी पुढचं डावं. तेवढ्या वेळात ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नकोस. ड्रायव्हरच्या खाली चेसिसवर एबीएसचा ठोकळा आहे, त्यात हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो.

हे सगळं गाडीखाली झोपून करायचं आहे आणि गाडी सव्वादोन टनांच्या आसपास आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी. काँक्रीटची सपाट जमीन, चाकांना उटी, चेसिसखाली स्टँड, मग गाडी हलवून बघायची आणि त्यानंतरच आत सरकायचं. यात माझ्याकडून सूट नाही. चाकांचे नट शेवटी १४० पौंड-फुटांवर टॉर्क रेंचनेच आवळ.

इंजिनाचं म्हणशील तर नॉक सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, इंजिनाच्या खोबणीत असतात. मागच्या सेन्सरच्या खळग्यात पाणी साचतं, म्हणून बहुतेक वेळा तोच आधी जातो. मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा आहे. त्याचे बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, शेवटी ८९ पौंड-इंचांवर. इंच, फूट नव्हे. बाकी प्लग वगैरे तू सहज करशील, ते वसंतात करू.

ब्रेक झाले की चेसिसवर तेलकट, मऊ राहणारा थर मारायचा. रबरासारखा घट्ट थर मला पसंत नाही: त्याला चीर पडते, पाणी आत शिरतं आणि वरून सगळं छान दिसत राहतं. थर मारण्याआधी चेसिस हातोडीने ठोकत जा, विशेषतः मागच्या चाकांच्या वर. खणखणीत आवाज आला तर पैसे घाल. भद्द आवाज आला किंवा हातोडी रुतली तर आपण दोघं बसून ठरवू. तिथे मात्र चांगला वेल्डरच हवा, आपला हात नको.

पहिलं मीठ पडायच्या आत हे उरकलं पाहिजे. येत्या शनिवारी सकाळी येते. फ्लेअरिंगचं हत्यार, चार स्टँड आणि नळीचं भेंडोळं माझ्याकडे आहे. तू डॉट-३ ब्रेक ऑइलच्या दोन सीलबंद बाटल्या आणि डोळ्यांच्या संरक्षणाचे चष्मे आणून ठेव. मुलीलाही उठव, पेडल दाबायला माणूस लागतोच आणि तिलाही कळू दे.

तुझी
ताई